जोडीनं सत्कार

माझ्या कादंबऱ्यांत दोन राजे भर दरबारात एकमेकांच्या गळ्यात हार घालतात आणि पंखांचे हत्ती वरून फुलं टाकतात. वाचक कळवतात, केवढं हो धाडस तुमचं! धाडस कसलं डोंबलाचं? कागदावरच्या हत्तीला पंख लावायला काय लागतं? खरं धाडस एकदाच लागलं होतं, वडिलांच्या गावात, भर दिवसा. तेव्हा माझी दातखीळ बसली.

वडील अंबड तालुक्यातले, शेतकऱ्याच्या घरचे. आई केरळची. जालन्यात नर्स म्हणून आली आणि इथलीच झाली. गावात मात्र मी कायम ‘केरळवालीचं पोरगं’. सुट्टीत गेलो की चुलतभाऊ माझ्या रंगावरून हसायचे आणि मी माळवदावर एकटा बसून मनातल्या मनात एक राज्य वसवायचो. तिथं सगळेच अर्धे-अर्धे. अर्धा माणूस, अर्धी नदी. लेखक झालो तो त्या रागातून.

म्हणून तिसऱ्या पुस्तकाला बक्षीस मिळाल्यावर चुलत्यांचा फोन आला, “आपल्या पोराचा सत्कार ठेवलाय,” तेव्हा चाळिशीला टेकलेला मी त्या ‘आपल्या’वर भाळलो. वडील जाऊन तोवर सहा वर्षं झाली होती.

नवीन जालन्यात नऊ वर्षं आम्ही दोघं, तो आणि मी, एका घरात राहतो. तो बियाण्याच्या कंपनीत नोकरीला आहे. माझ्या पुस्तकांतले सगळे नकाशे त्यानं काढलेत, आणि माझ्या राज्यातली नदी डोंगरावर चढतेय हे पहिल्यांदा त्यानंच दाखवलं. आईला सगळं ठाऊक आहे. ती डब्यात मासे पाठवते ते दोघांसाठी. गावाला निघायच्या आदल्या दिवशी तो म्हणाला, “नवरा म्हणू नको. तुझी हिंमत मला माहितंय. नुसतं मित्र म्हण. पण म्हण.”

“म्हणतो की! त्यात काय?” मी म्हणालो.

सकाळी त्यानं दोघांच्या सदऱ्यांना इस्त्री केली. गाडी त्याची, चालवणारा तोच. मी त्याच्या शेजारी, आई मागं.

देवळापुढच्या मांडवात चुलते लगबगीनं आले, पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, “आपल्याकडं सत्कार जोडीनंच करतेत. तुझं तर लगन न्हाई. मंग जोडीला कोन उभं राहनार?” आणि विचारता विचारता त्यांची नजर त्याच्यावर गेली. इस्त्रीचा पांढरा सदरा, माझ्या खांद्याला खांदा. “हे पाव्हनं कोन?”

एक शब्द. मित्र. शत्रूलासुद्धा माणूस तोंडदेखलं मित्र म्हणतो! पण ‘जोडीला कोण’ या प्रश्नाला लागून तो शब्द आला तर चुलत्यांना सगळंच कळेल, असं मला वाटलं, आणि नुकतं हातात आलेलं ‘आपलं पोरगं’ निसटेल.

“ड्रायव्हर हाये, काका,” मी म्हणालो.

“बरं बरं. ए पोरांनो, ड्रायव्हरला छपरात बसवा, पानी द्या.”

त्यानं माझ्याकडं एकदाच पाहिलं. “गाडी सावलीला लावतो, साहेब,” म्हणाला आणि गेला.

जोडीला आई उभी राहिली. शाल घेताना ती माझ्याकडं बघेना. कुणीतरी मानपत्र वाचलं, त्यात ‘निर्भीड लेखणी’ असं दोनदा होतं. कर्णा छपराशेजारच्या लिंबाला बांधलेला होता, म्हणजे त्याला माझ्यापेक्षा स्पष्ट ऐकू आलं असणार.

गावाला बोल लावायला जागा नाही. छपरात त्याला आग्रह करकरून वाढलं, “लांब जायचंय, पोटभर खा.” निघताना चुलतीनं त्याला कुंकू लावलं, टॉवेल-टोपी दिली. आल्यागेल्याला रिकाम्या डोक्यानं पाठवत नाहीत ते. त्यानं मान वाकवली, टोपी घातली आणि चुलतीच्या पाया पडला. मला भूमी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

चुलत्यांनी गाडीचं मागचं दार उघडून धरलं. साहेब मागंच बसतो. मी बसलो. आई पुढं जाऊन त्याच्या शेजारी बसली.

वाटेत वडीगोद्री आली तसा मी म्हणालो, “थांबव ना, पुढं येतो.” तो थांबला नाही. आईच बोलली, मागं न वळता. “तुझे वडील आठवी नापास. मला पहिल्यांदा गावात आणलं तेव्हा वेशीतच सगळ्यांना सांगितलं, ही माझी बायको. मला मराठी येत नव्हती, पण तेवढं कळलं. तू एवढी पुस्तकं लिहून काय मिळवलंस रे?”

“राहू द्या, अम्मा,” तो म्हणाला.

तो सोडून गेला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. मी माफी मागितली, तो “ठीक आहे” म्हणाला आणि नव्या पुस्तकाचा नकाशा घेऊन बसला.

गेल्या महिन्यात जालन्यातल्याच एका वाचनालयात माझं वाचन होतं. या वेळी मी तयारीनं गेलो होतो, पहिल्या रांगेत दोन खुर्च्या राखायला सांगून आणि आरशापुढं शब्द घोकून. दारातच संयोजक बाईंनी हसून विचारलं, “आणि हे?”

“हे माझे...”

“ड्रायव्हर,” तो म्हणाला. शांतपणे, रोजचंच असल्यासारखं. आणि गाडी लावायला निघून गेला.

“अच्छा,” बाई म्हणाल्या, “मग पहिल्या रांगेतली ती दुसरी खुर्ची काढून घेऊ का?”

मी म्हणालो, “घ्या.”