उरेब कापलेला झगा

चांगी विमानतळाजवळ, ईस्ट कोस्टला असलेल्या आमच्या फ्लॅटमध्ये एका फ्रेंच बाईनं वर्षभर मुक्काम ठोकला होता. बाई वारून कित्येक वर्षं झालेली, पण लेकीच्या तोंडी उठता-बसता तीच. पॅरिसची मोठी फॅशन डिझायनर. पोरवयातच शिवणकामाला लागलेली, लाकडी बाहुलीवर कापड गुंडाळून कपडे बेतायची आणि उरेब कापायची, म्हणजे कापड तिरकं धरून. त्यानं झगा अंगावर सुळसुळीत बसतो आणि आतून बांधाबांध करावी लागत नाही. आजही जगभर तिचीच नक्कल चालते म्हणे. हाताखालच्या बायकांना ती पगारी रजा द्यायची हे ऐकल्यावर मात्र मलाही बाई आवडली. चांगी बिझनेस पार्कातल्या माझ्या ऑफिसच्या साहेबांना कुणीतरी तिची गोष्ट सांगायला हवी होती.

दोन हजार चौदा-पंधराचा सुमार असेल. लेकीची शाळा संपत आली होती आणि तिला पॉलिटेक्निकच्या फॅशन कोर्सला जायचं होतं. तिच्या बाबांना हवं होतं आयटी. स्वतः रोज त्याच आयटीच्या नावानं बोटं मोडतात, तरी! शेवटी तह झाला: मुलाखतीत निवड झाली तर फॅशन, नाहीतर मुकाट्यानं कॉम्प्युटर. मुलाखतीला स्वतः शिवलेला एक कपडा न्यायचा होता.

तेवढ्यात माझी आई पुण्याहून आली. तिनं आयुष्यभर सगळ्या गल्लीचे ब्लाउज शिवलेले, त्यामुळे उरेब तिला नवं नव्हतं. पण अख्खा झगा उरेब? ही फ्रेंच बाई कापड खाते की काय, असं ती पुटपुटत राहिली आणि तरी नातीच्या शेजारून हलली नाही. अरब स्ट्रीटवरून आणलेलं मोतिया सॅटिन दोघींनी जेवणाच्या टेबलावर पसरलं आणि आम्ही नवराबायको ताटं मांडीवर घेऊन सोफ्यावर जेवू लागलो. मी ऊठसूट कौतुक करणारी नाही, पण झगा देखणा झाला हो.

मुलाखतीच्या दिवशी सकाळी आईनं, आपल्याकडे नव्या कपड्याला लावतात तसं, झग्याच्या काठाला आतून कुंकवाचं ओलं बोट लावलं. चांगल्या मनानं, कुणाला न सांगता. लेकीनं त्यावरून वाफेची इस्त्री फिरवली. झालं! बोट जसंच्या तसं दर्शनी बाजूला उमटलं, लालभडक. मी साबण घेऊन धावले, तर 'नो लाह मम्मा, डोन्ट टच' असं इथल्या धाटणीच्या इंग्रजीत म्हणत लेकीनं झगा ओढून घेतला आणि भोकाड पसरलं. माझं डोकंच फिरलं. आईला नको नको ते बोलले. लेकीनं तोंड धुतलं, त्या डागाकडे जरा वेळ बघत राहिली आणि झगा पिशवीत घालून टॅक्सीनं गेली.

आईनं चहाला हात लावला नाही. बाल्कनीत जाऊन बसली.

"इतक्या वर्षांत माझ्या हातून कुणाचं कापड बिघडलं नव्हतं गं," एवढंच म्हणाली. पण माझा राग काही लगेच उतरेना.

दुपारी लेक नाचत आली. मुलाखतीत पहिला प्रश्न डागाचाच निघाला. त्यावर हिनं सांगितलं, की आपल्या कपड्यांच्या नकला खपू नयेत म्हणून ती फ्रेंच बाई प्रत्येक कपड्यावरच्या चिठ्ठीवर स्वतःचा अंगठा उठवायची. तसं आमच्या घरी आजीचं बोट उठतं, असंही म्हणाली. मग म्हणे सगळे त्या बोटाबद्दलच विचारत बसले. अंगठ्याची गोष्ट मलाही ठाऊक नव्हती. आईनं सगळं ऐकलं, गार झालेला चहा एका दमात संपवला आणि निकाल दिला, "शहाणी होती हो बाई."

कोर्सचा निकाल आला तेव्हा आई पुण्याला परतली होती. निवड झाली होती. बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला, पण लेकीला सवड कुठे? तिनं आधी पुण्याला फोन लावला.

"आजी, मला घेतलं."

पलीकडून आई नाक ओढत म्हणाली, "पुढचा झगा शिवशील तेव्हा मी तिथं नसेन. तुझंच बोट लाव आता."