भाग क्रमांक सहा

भाग क्रमांक ६. प्रकार : चालक, मानवी. लिंग : पुरुष. वय : एकसष्ट. वजन : चौसष्ट किलो. वापराचा कालावधी : नऊ वर्षे. अवस्था : सुस्थितीत. झीज : आढळली नाही. बदली भाग : उपलब्ध नाही. पुढील तपासणी : दहा वर्षांनी.

ही नोंद एका माणसाची आहे आणि ती गंमत म्हणून केलेली नाही. साहाय्य पुनर्रचना कक्ष नावाच्या कचेरीत गंमत करायलाही पूर्वपरवानगी लागत असणार, आणि तसा अर्ज अजून कोणी केलेला दिसत नाही.

माणूस फिटर. गल्लीत त्याला सगळे फिटरच म्हणतात. तीस वर्षं त्याने एका वर्कशॉपमध्ये लोखंडाचे तुकडे केसाच्या जाडीइतक्या फरकाने एकमेकांत बसवले आणि त्या काळात एक सवय लावून घेतली : कुठलंही माप घेण्याआधी मापक तपासायचा. जो माणूस मापक न तपासता माप घेतो, त्याच्याबद्दल फिटरचं मत छापण्यासारखं नाही.

त्याची थोरली बहीण, ताई, न्यायालयात टायपिस्ट होती. नऊ वर्षांपूर्वी आधी तिची बोटं की-बोर्डवरून घसरायला लागली, मग हात गेले, मग पाय. जीभ तेवढी शाबूत राहिली, आणि बाकीच्या अवयवांची सगळी ताकद तिच्यात येऊन बसली असावी असं शेजाऱ्यांचं म्हणणं. दोघांनीही लग्न केलेलं नव्हतं. फिटरने नोकरी सोडली, परिचर्या भत्त्याचा फॉर्म भरला आणि तो घरी बसला. बसला असं म्हणायचं. प्रत्यक्षात बसायला त्याला दुपारी दोननंतर मिळायचं.

नऊ वर्षांत ताईच्या प्रकृतीत फरक पडला नाही, कागदावर मात्र तिची भरभराट झाली. आधी ती अपंग होती, मग विशेष गरजा असलेली झाली, आणि या वर्षीच्या परिपत्रकाप्रमाणे ‘उर्वरित क्षमताधारक’. फिटर परिचारक होता, तो ‘सहनिवासी आधारघटक’ झाला. दर बढतीला एक फॉर्म भरावा लागला.

त्याच परिपत्रकात खाली बारीक टाइपात आणखी एक वाक्य होतं. यापुढे व्यक्तीची क्षमता ‘ती वापरत असलेल्या साधनांसह’ मोजली जाईल. ताईने ते फिटरकडून दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाली, “जे काय आहे ते या ओळीत आहे. वरचं सगळं कागद भरायला.”

साधनं घरात पाच होती आणि पाचही फिटरने स्वतःच्या हाताने केलेली होती. वाकड्या मानेचा, जड दांड्याचा चमचा. कप कलता करणारी घोडी. दाराच्या कडीला बांधलेली दोरी. पुस्तकाचं पान उलटायला टोकाला रबर लावलेली काडी, ती दातांत धरायची. आणि पाचवं, ज्याच्यावर त्याचा जीव होता ते : पलंगावरची कप्पी. ताईच्या मनगटाला मऊ पट्टा, पट्ट्याला दोरी, दोरी छतातल्या कप्पीवरून भिंतीच्या कडेने कपाटामागे गेलेली. ओढली की ताई आडवीची बसती होते, न झटका, न आवाज. दोरीचं दुसरं टोक खोलीत लोंबकळलेलं बरं दिसत नाही म्हणून फिटरने ते कपाटामागे नेलं होतं. काम नीटनेटकं हवं, हा त्याचा रोगच.

पहिला तपासनीस आला तो तरुण, गोड बोलणारा, हातात टॅब. फिटरने आदल्या दिवशी कप्पीला तेल दिलेलं. नऊ वर्षांत ती कामगिरी बघायला म्हणून कोणी आलं नव्हतं. डॉक्टर यायचे ते ताईला बघायला, शेजारी यायचे ते चहाला. हा मात्र “वा” म्हणाला. चमच्याला वा, घोडीला वा. फिटर फुलला. कपाटामागे गेला, दोरी ओढली, आणि तपासनिसाच्या डोळ्यांसमोर ताई सावकाश उठून बसली. पोरगा थक्कच झाला. त्याने टॅबवर काहीतरी नोंदवलं. ताईला काय नोंदवलं असेल ते तिथल्या तिथे कळलं होतं. पण कपाटामागून बाहेर येणाऱ्या भावाचा चेहरा तिने पाहिला आणि जन्मात पहिल्यांदा ती काही बोलली नाही.

पत्र अठराव्या दिवशी आलं. उठणे : साधनासह स्वतंत्र. खाणे : साधनासह स्वतंत्र. पिणे, दार उघडणे, वाचणे : साधनासह स्वतंत्र. आधारघटक मिळायला बारा गुण हवेत, ताईला शून्य. भत्ता पुढल्या तिमाहीपासून बंद. शेवटी, ‘आपल्या स्वावलंबनाबद्दल अभिनंदन.’

फिटरने पत्र चष्मा पुसून पुन्हा वाचलं. म्हणजे त्याने इतकं चांगलं काम केलं होतं की तो उरलाच नव्हता.

भत्ता गेला तर काय, हे दोघांना पाठ होतं. वर्कशॉपचा मालक त्याला परत घ्यायला तयार होता, आठ ते सहा. मग ताईला गावाबाहेरच्या निवासात ठेवावं लागणार. फिटर ते बघून आला होता. बारा पलंग, एक मदतनीस बाई. लोकांना सकाळी पलंगाच्या क्रमाने उठवतात. रिकामा होता तो अकरावा. अकराव्या पलंगाची पाळी साधारण साडेदहाला येते, असं त्या बाईनेच सांगितलं, तेही अभिमानाने, कारण पूर्वी अकरा वाजायचे.

अपील करायला महिन्याची मुदत होती. अपिलाच्या प्रती काढायला फिटर कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेला. हा झेरॉक्सवाला कक्षात कधी गेलेला नव्हता, पण त्याच्या यंत्रातून गल्लीतल्या सगळ्यांची दुखणी गेलेली, त्यामुळे नियम त्याला कक्षापेक्षा जास्त ठाऊक. त्याने सल्ला दिला तो फुकट. दुसरी तपासणी व्हायच्या आत सगळी साधनं काढून टाका. भिंतीला भोकं दिसता कामा नयेत. ताईंना दोन दिवस आंघोळ घालू नका, केस विंचरू नका. अपिलाच्या तपासणीला वरिष्ठ बाई येते, ती आली की ताईंनी फक्त छताकडे बघायचं. “लोक असंच करतात, फिटर. चौथ्या गल्लीतला तो चालता-फिरता मनुष्य बघा. तपासणीपुरता असा काही आडवा होतो, की मलाच वाईट वाटतं.”

फिटर घरी आला, स्टुलावर चढला आणि त्याने कप्पीचा पहिला स्क्रू सैल केला.

“काय चाललंय?” ताईने विचारलं.

त्याने सांगितलं. स्टुलावरूनच, तिच्याकडे न बघता.

ताईने सगळं ऐकून घेतलं. “तीस वर्षं मी लोकांच्या खोट्या साक्षी टाइप केल्या,” ती म्हणाली. “एकेक अशी, की कागदाला लाज वाटावी. माझी त्यात भर नको. स्क्रू लाव.”

“ताई, अकरावा पलंग आहे.”

“ठाऊक आहे मला. मोजता मलाही येतं. स्क्रू लाव, आणि बाई यायच्या दिवशी माझी निळी साडी काढ. विस्कटलेल्या केसांनी मी न्यायाधीशासमोर कधी गेले नाही, हिच्यासमोर कशाला जाऊ?”

फिटरने स्क्रू लावला. कप्पीला पुन्हा तेलही दिलं, आता त्याच्या हाताला दुसरं काही सुचतच नव्हतं.

दुसऱ्या तपासणीला वरिष्ठ तपासनीस बाई आल्या. यांच्या तोंडात वा नव्हतं. ताई निळ्या साडीत पलंगावर आडवी, वेणी घातलेली, मनगटाला पट्टा. बाईंनी खोलीभर नजर फिरवली आणि फिटरला बाहेर जायला सांगितलं. का, तर घरच्या माणसाच्या उपस्थितीचा क्षमतेवर प्रभाव पडतो. फिटरने तोंड उघडलं, तेवढ्यात ताईने त्याच्याकडे पाहिलं आणि त्याने ते मिटलं. तो स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिला. दार लोटलं गेलं.

आतून आवाज येत होते. बाई म्हणाल्या, आता उठून बसा. ताई बरं म्हणाली. मग शांतता. बाई म्हणाल्या, सावकाश, घाई नाही. ताई म्हणाली, मला कसली घाई. पुन्हा शांतता. स्वयंपाकघरातल्या घड्याळात फिटरने सात मिनिटं मोजली, मग अकरा, मग सतरा. एकदा ताईचा आवाज आला. बाईंना ती पाणी हवं का विचारत होती. हवं असल्यास भाऊ देईल, बाहेरच आहे. बाईंना पाणी नको होतं.

बावीस मिनिटांनी दार उघडलं.

“तुमचं यंत्र बंद पडलंय,” बाई म्हणाल्या.

“बंद नाही पडलेलं. तुम्ही मला बाहेर पाठवलंत.”

“तुमचा आणि यंत्राचा संबंध काय?”

फिटरने कपाटामागे बोट दाखवलं. दोरीचं दुसरं टोक तिथे खुंटीला गुंडाळलेलं होतं. बाईंनी त्या दिशेने सभ्यपणे पाहिलं, त्यांना कोणी घरातलं जुनं घड्याळ दाखवत असावं तसं, आणि फॉर्मवर लिहिलं : साधन नादुरुस्त. पंधरा दिवसांत दुरुस्ती करून अर्हताप्राप्त तंत्रज्ञाचं प्रमाणपत्र सादर करावं. दुरुस्तीनंतर व्यक्ती पूर्ण क्षम राहील असं गृहीत धरण्यात येत आहे.

बाई गेल्यावर फिटर कपाटामागे गेला आणि त्याने ताईला उठवून बसवलं. मग ताईच्या खांद्यांना हादरे बसायला लागले. फिटर घाबरला. पण ती हसत होती.

“अर्हताप्राप्त तंत्रज्ञ,” ती म्हणाली. “कपाटात तुझं सर्टिफिकेट आहे ना? की झुरळांनी खाल्लं?”

झुरळांनी एक कोपराच खाल्ला होता. शिक्का शाबूत होता.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी ताईने सांगितलं आणि फिटरने लिहिलं. रचना त्याची, वर्कशॉपमध्ये यंत्र तपासल्यावर लिहायचे तशी. भाषा तिची, न्यायालयातली. साधनाचे भाग पुढीलप्रमाणे. एक, मनगटपट्टा. दोन, दोरी. तीन, कप्पी. चार, छतातला आकडा. पाच, खुंटी. सहा, चालक. सर्व भाग तपासले. दोष आढळला नाही. ‘वरिष्ठ तपासनिसांनी केलेल्या तपासणीच्या वेळी भाग क्रमांक सहा त्यांच्याच आदेशाने खोलीबाहेर ठेवण्यात आला होता, सबब साधन चालू शकले नाही.’ सबब हा शब्द उच्चारताना ताईच्या चेहऱ्यावर नऊ वर्षांत न दिसलेलं समाधान होतं. चमचा, घोडी, दोरी, काडी यांचीही तशीच प्रमाणपत्रं झाली. चमचा भरायला कोण, कप ठेवायला कोण, काडी दातांत द्यायला कोण. प्रत्येक यादीत शेवटचा भाग तोच.

झेरॉक्सवाल्याने तीन प्रती काढता काढता सगळं वाचून काढलं आणि मान हलवली. “हे नाही मंजूर व्हायचं. यात खरं लिहिलंय.”

त्याचा अंदाज चुकला, कारण त्याने असं धरलं होतं की कक्षात कोणीतरी ते वाचेल. कक्षात प्रमाणपत्राचा शिक्का पाहिला गेला, शिक्का होता. भागांची संख्या पाहिली गेली, ती यादीशी जुळली. पाच आठवड्यांनी पत्र आलं. परिचर्या भत्त्याची मागणी फेटाळण्यात आली होती. व्यक्ती साधनासह स्वतंत्र आहे, यात बदल नाही. मात्र साधनाचा अत्यावश्यक भाग क्रमांक सहा याच्या इंधन व देखभालीसाठी ‘साधन-परिरक्षण अनुदान’ मंजूर करण्यात येत होतं. रक्कम जुन्या भत्त्याइतकीच होती, बहुधा दुसरा आकडा शोधायचे कष्ट नकोत म्हणून.

ताईने पत्र ऐकलं. “इंधन,” ती म्हणाली. “जा, चहा घे आधी.”

फिटरने चहा घेतला. अकराव्या पलंगावर कोणी दुसरं गेलं. वर्कशॉपच्या मालकाला त्याने नाही म्हणून कळवलं. पत्रासोबत भाग क्रमांक सहाचं नोंदपत्रक आलं होतं, ते ताईच्या सांगण्यावरून त्याने कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. अवस्था : सुस्थितीत. झीज : आढळली नाही. पुढील तपासणी : दहा वर्षांनी.

फिटरचा उजवा हात गेल्या महिन्यापासून खांद्याच्या वर जात नाही. दोरी तो आता डाव्या हाताने ओढतो.