वामनरावांचा मृत्युलेख

नंदनवन वस्तीत कूलरच्या वाळ्याच्या ताट्या बदलायच्या असल्या की लोक वामनरावांकडेच जायचे, पण ते काही प्रेमापोटी नव्हे. माणसाच्या हातात कसब होतं आणि तोंडात विस्तव. कोणी बिघडलेला पंप आणला की, बिनपाण्याचा चालवला असशील, अक्कल गहाण ठेवली होती काय, असं ऐकवून मगच पेचकस हातात घ्यायचे. घरीही तीच तऱ्हा. सत्यवतीबाईंच्या भाजीला उभ्या जन्मात कधी बरी म्हटलं नाही. आणि एकुलत्या एक गार्गीला शाबासकी दिली असती तर बहुतेक जीभच झडली असती बिचाऱ्यांची!

आता गंमत बघा. हीच गार्गी कॉलेजात इंग्रजी साहित्य आणि व्यावसायिक लेखन शिकायला लागली, तर दुकानात येईल त्याला सांगत सुटले: पोरगी इंग्रजीत लिहिते, अर्ज-बिर्ज नाही, अख्खे लेख. साऱ्या नंदनवनाला सांगून झालं, फक्त पोरीला सोडून. मनात मात्र एकच गोष्ट सलायची. ही आपल्याला काय समजते? वाघासारखा डरकाळ्या फोडणारा माणूस, पण एवढं विचारायची छाती नव्हती.

त्या उन्हाळ्यात सरांनी वर्गाला मृत्युलेख लिहायला दिला. वर्तमानपत्रात नोकरी लागली की नवशिक्याच्या गळ्यात आधी हेच काम मारतात म्हणे. घरातल्या जिवंत माणसावर लिहा, आणि गोडगोड नको, खरं लिहा, असं सरांनी बजावलं. गार्गीने वडिलांना निवडलं. लेख सरांना इतका आवडला की त्यांनी तो फोटोसकट कॉलेजच्या पानावर टाकला. खाली बारीक अक्षरांत 'वर्गातील सराव' असं लिहिलं होतं. पण लोकांनी वरचा फोटो आणि मृत्यूची मनाने घातलेली तारीख तेवढी कापून एकमेकांना पाठवली. मेल्याची बातमी शेवटपर्यंत वाचायला सवड कोणाला आहे?

दुसऱ्या दिवशी सकाळी वामनराव ओट्यावर ताटी बांधत बसले होते. ऑटो थांबला आणि रामटेकची थोरली वहिनी कांताबाई "भाऊजी गेले वं सत्यवती" म्हणत ऊर बडवतच उतरली. मागून थोरले भाऊ मधुकरराव, काखेत कोऱ्या पांढऱ्या कापडाचं पुडकं. दोघा भावांत बारा वर्षं बोलणं नव्हतं. आईच्या तेरवीला भर पंगतीत वामनरावांनी थोरल्याला फुकट्या म्हटलं होतं, त्यावरून. पण मयतीला भांडण आडवं आणत नाहीत, म्हणून माणूस आला होता.

कांताबाईंचा हंबरडा अर्ध्यातच अडकला. मेलेला दीर हातात सुतळी घेऊन समोर बसला होता.

मग काय विचारता! गल्ली गोळा झाली. गार्गीने रडवेली होऊन सगळा प्रकार सांगितला. मधुकररावांनी तो ऐकला, कपाळावर हात मारला आणि ऑटोकडे वळले. कापडही परत नेणार होते, पण मयतीसाठी घेतलेलं घरात आणायचं नाही, असं कांताबाईंनी दटावलं. तेव्हा त्यांनी पुडकं तिथेच ओट्यावर ठेवलं, भावाच्या मांडीशी.

दुसरा कोणी असता तर तोंड लपवून आत गेला असता. वामनरावांना भलतंच सुचलं. मृत्युलेख म्हणजे स्तुती, हे त्यांनी धरूनच ठेवलेलं. मेल्या म्हशीला मणभर दूध, ही तर जगाची रीत. पोरगी तोंडावर कधी बोलली नाही, पण लेखात बोलली असेल. आणि ऐकायला भाऊ होता, वहिनी होती, अर्धी गल्ली होती. अशी सकाळ पुन्हा कधी यायची?

"दादा, थांब गा," ते म्हणाले. "माह्या पोरीनं माह्याबद्दल काय लिहिलं ते ऐकून जा. वाच वं गार्गी. मराठीत सांग साऱ्याइले."

गार्गी नको म्हणाली. तो नुसता अभ्यास होता जी बाबा, म्हणाली. पण वामनराव हट्टाला पेटले, तेव्हा तिने मोबाइल उघडला. सुरुवात बरी होती. जन्म रामटेकचा, कूलरचा नावाजलेला कारागीर, कामात कधी फसवाफसवी नाही. वामनरावांनी मान ताठ करून भावाकडे पाहिलं. पुढे गार्गी थांबली. वाच म्हटलं ना, ते ओरडले.

"त्यांच्यामागे पत्नी आणि एक मुलगी आहे," गार्गी वाचू लागली, आणि आता तिचा आवाज कापत नव्हता. "पत्नी आता बसून, सावकाश जेवते. मुलगी घरात मोठ्याने हसून पाहते. ते गेल्याचं दोघींना अजून खरं वाटत नाही, म्हणून हसता हसता त्या दाराकडे बघतात."

वामनरावांनी बायकोकडे पाहिलं. काहीबाही लिहिते मेली, एवढं जरी ती म्हणाली असती तरी त्यांना पुरलं असतं. सत्यवतीबाई पदर सावरत उठल्या, पाहुण्यांसाठी चहा ठेवते म्हणाल्या आणि आत गेल्या.

मधुकरराव चहाला थांबले नाहीत. पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि कांताबाईंना घेऊन ऑटोत बसले. गल्लीही पांगली. वामनरावांना रडू येत होतं, पण रडतात कसं हे त्यांना ठाऊक नव्हतं. मग बाप म्हणून आजवर जे एकच विचारत आले होते, तेच त्यांनी विचारलं.

"मार्क किती भेटले?"

"वीसपैकी एकोणीस."

"एक काहून कापला?"

गार्गीने मोबाइल बंद केला.

"सर म्हणाले, शेवटी घरच्यांचं थोडं दुःख दाखवाले पाहिजे होतं."