विसाव्याची जागा

आमच्या गावची कमान ताडकळसच्या रस्त्यावरून दिसते. दोन्ही बाजूंना सोंडा उंचावलेले सिमेंटचे हत्ती, वर सोनेरी कळस, अंधार पडला की रंग बदलणारे दिवे. आत शिरलं की शाळेचे पत्रे गळतात आणि अंगणवाडीला दार नाही. घरात नाही दाणा आणि मला हवालदार म्हणा, असं मी आईला चिडवायचे. तिला राग यायचा.

ग्रामसभेपुढे एकाच कामाचा पैसा होता. कमान बांधायची की ओढ्याकाठच्या स्मशानावर शेड टाकायची? आईने कमानीसाठी हात वर केला. मी परभणीहून फोनवर तिच्याशी कडाकडा भांडले.

"स्मशानाचं छप्पर कोण मागंल गं माय?" ती म्हणाली. "मागणाराचंच मडं आदी जातंय म्हंतेत. आन् कमान झाली की तू येशील तवा जीपवाल्याला गाव दाखवावं लागायचं न्हाई."

शेड मागणारा सभेत एकही निघाला नाही. आईला तरी मी काय बोलणार? जन्मभर पत्र्याखाली राहिलेल्या बाईला एकदा काहीतरी थाटाचं आपलं म्हणावंसं वाटलं. पण एका गावाला या दोन्हींतून एकच निवडायला लावणाऱ्यांचा मला आजही संताप येतो.

कमान उठली ती जुन्या वेशीवर. तिथे विसाव्याचा दगड होता. तिरडी त्याच्यापाशी टेकवायची, खांदेकऱ्यांनी जागा बदलायच्या, बायकांनी शेवटचं तोंड पाहून माघारी फिरायचं, अशी आमच्याकडची रीत. फरशी बसवताना तो दगड काढला, आणि कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

आई भाद्रपदात गेली. ताप अंगावर काढला आणि गेली. पाऊस उघडेल म्हणून आम्ही दिवसभर वाट पाहिली. शेवटी अंधाराच्या आधी उचललं. वेशीत तेवढी कमानीखालची फरशी कोरडी होती. भाऊ आणि चुलते तिरडी टेकवायला वाकले, तोच गावातले एक वडीलधारे पुढे आले. आईला बहीण मानणारा माणूस. हात जोडून हळूच म्हणाले, "हितं नगं टेकवू बाळा. महालक्ष्म्यांच्या सणाला लेकीबाळी ह्याच्याखालून येणार हायत."

मी त्याच गावची लेक, तिथेच उभी होते.

माझे वडील म्हणाले, "चला फुडं. रोज भिजतच व्हती ती."

तिरडी कमानीपलीकडे चिखलात टेकवली. खांदे बदलले. बायकांनी पुढे जायचं नसतं, म्हणून आम्ही कमानीखाली थांबलो. आई पावसात आणि आम्ही कोरड्या. मला तिच्यामागे धावायचं होतं. मावशीने माझा दंड सोडला नाही.

भाऊ परतला तेव्हा त्याच्या अंगाला डिझेलचा वास येत होता. आमच्या न्हाणीवरचे पत्रे काढून नेले होते, ते माणसांनी आळीपाळीने सरणावर धरले होते. त्याचे दोन्ही तळवे भाजलेले होते.

"नीट जळली का रे?" मी विचारलं.

तो काळे पडलेले पत्रे भिंतीला टेकवत राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "जळली तेवढी जळली, अक्का."