चहाआधी दोन वेळा कौतुक

आमच्या इंग्लिश क्लासचे किस्से लिहायचे नाहीत असं ठरवलं होतं. पण कपाटात रिकाम्या पिशव्या साठतात तसे साठलेत. दार उघडलं की अंगावर!

हे फौजेत, म्हणून साताऱ्याहून जयपूरला आलो. मी सातवी पास. स्वरा चार वर्षांची. शाळेत जायचं तिने, पण इंटरव्ह्यू आईबापाचा, तोही इंग्लिशमध्ये! माझ्यामुळे पोरीची ॲडमिशन गेली तर? झोपच उडाली. मग क्वार्टरमधल्या आम्ही पाच जणी झोटवाड्याला शर्मा मॅडमकडे जायला लागलो. स्वरा माझ्या मांडीवर.

*

पहिल्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "ॲडजेक्टिव्ह की दो जगह हैं जी. नाम के आगे, गुड डॉटर. या फिर पीछे, डॉटर इज गुड."

कोल्हापूरच्या उज्ज्वलावहिनींनी हात वर केला. "हमारी सासूबाई तो कहींच नहीं लगाती, मॅडमजी. वो कौनसा टाइप?"

*

मॅडमचा नियम होता. रोज प्रत्येकीने शेजारणीचं दोन्ही जागी कौतुक करायचं, मगच चहा! आठवड्यात आम्ही सगळ्या ब्यूटिफुल झालो.

एकदा वहिनींचं आणि आमच्यातल्या मंगलचं कपडे वाळत घालायच्या दोरीवरून वाजलं होतं. नेमक्या दोघी शेजारी! वहिनींनी मंगलला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. "नाइस चप्पल."

"और पीछे?" मॅडमनी विचारलं.

"चप्पल इज नाइस. बाकी कल देखेंगे."

*

घरी सराव म्हणून ह्यांना वाढताना म्हटलं, "हॉट चपाती. चपाती इज हॉट."

हे म्हणाले, "दोनदा सांगितलंस, तरी गारच आहे गं!"

*

मॅडम म्हणाल्या, काही शब्द हट्टी असतात. अफ्रेड, म्हणजे घाबरलेला. तो नामाच्या पुढे येत नाही, मागेच उभा राहतो.

"माझ्यासारखाच की," मी म्हटलं. सगळ्या हसल्या. स्वरा बिस्कीट खात बघत होती.

*

इंटरव्ह्यूचा दिवस. प्रिन्सिपल बाईंनी विचारलं, "टेल मी अबाउट युवर डॉटर."

क्लेव्हर डॉटर, डॉटर इज क्लेव्हर. महिनाभर घोकलेलं! मी नुसता पदर सारखा करत राहिले. हे आपल्या पॉलिश केलेल्या बुटांकडे बघत बसले.

बाई स्वराकडे वळल्या. "अँड युवर मम्मी?"

स्वराने मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. "गुड मम्मी." जरा थांबली. "मम्मी इज अफ्रेड."

बाई कागदावर काहीतरी लिहायला लागल्या. तशी ती बाईंवर खेकसली, "हो गया ना! अब चाय मंगाओ!"

बाईंनी पेन खाली ठेवलं, बेल दाबली. "भैया, तीन चाय. और बच्ची के यूनिफॉर्म का नाप ले लो."