एकदाच घ्यायचं नाव

माझ्या नातीच्या हळदीत मला गप्प बसवलं ते माझ्याच आवाजानं. याला वर्ष होत आलं, तरी आठवलं की डोकं तापतं.

मी हळदीची गाणी म्हणणारी बाई. धुळ्याकडच्या खेड्यातून लग्न होऊन सुरतेला आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते, आता सहासष्ट आहे. सुरतेतल्या आमच्या लिंबायतमध्ये घर धुळ्याचं असो, नंदुरबारचं असो, लग्न ठरलं की मंडपवाल्याच्या आधी मला निरोप यायचा. मी काही कलाकार-बिलाकार नव्हे. चाली आईकडून आल्या आणि गळा देवानं बरा दिला. साडी, नारळ आणि पोटभर वरण-बट्टी मिळाली की मी खूश असायची.

ज्या गाण्यासाठी मला बोलवायचे ते तसं पाहिलं तर एका ओळीचं आहे. ‘मांडवमा कोन उना वं माय, मांडवमा कोन उना?’ म्हणजे मांडवात कोण आलं. मग एकेकाचं नाव घ्यायचं. ज्याचं नाव घेतलं तो उठून नवरीला हळद लावतो. आधी देव, मग घरातली गेलेली माणसं, मग जिवंत. गेलेल्याचं नाव आलं की नवरी स्वतः हळदीचं बोट मांडवाच्या खांबाला लावते. जिवंत माणसाचं नाव दहादा घ्या, त्याला आनंदच होतो, पण गेलेल्याचं एकदाच घ्यायचं. दोनदा हाक मारली तर त्याचा पाय निघत नाही, असं आई सांगायची.

म्हणून मी आदल्या दिवशीच त्या घरी जाऊन बसायची. स्वयंपाकघरात लसूण सोलता सोलता नावं विचारायची. थोरली काकू कोणती, धाकटी कोणती, कोणाचं कोणाशी बोलणं बंद आहे, कोणता मामा रुसून गावीच राहिलाय. सत्तर-ऐंशी नावं डोक्यात क्रमानं बसवायची, कागद न घेता. एकदा कामरेजला एका लग्नात मी धाकट्या आत्याचं नाव थोरलीच्या आधी घेतलं. थोरली हाताची घडी घालून उभी राहिली ती राहिलीच. शेवटी मी अख्खं गाणं पहिल्यापासून म्हटलं, तेव्हा कुठे बाईनं हळदीत बोट बुडवलं. तेव्हा मला तिचा राग आला होता. आता वाटतं, बाई बरोबर होती. आपलं नाव कुठे येतं याची तिला पडलेली तरी होती.

आमचे हे लूम कारखान्यात होते. तीस वर्षं मागांच्या खडखडाटात उभं राहून यांचे कान गेले. घरात आम्ही सगळेच यांच्याकडे तोंड करून, ओठ नीट हलवून बोलायचो. आवाज काढला काय, नाही काढला काय, यांना सारखंच. नात तर यांच्या मांडीवरच बोलायला शिकली, त्यामुळे ओठ वाचणं तिला आपोआप आलं. परीक्षेच्या दिवसांत रात्री आजोबा आणि नात काहीही आवाज न करता अर्धा अर्धा तास गप्पा मारायचे.

माझी गाणी यांनी अशीच ऐकली, डोळ्यांनी. लग्नात पुरुषांमध्ये बसायचं सोडून समोर येऊन उभे राहायचे. मुलाच्या लग्नात मात्र पंचाईत झाली. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही. उखाण्यात काय घेतलं असेल तेवढंच. यांच्या नावाची ओळ आली तशी मी तोंड मिटलं आणि जावेनं ती म्हटली. घरी आल्यावर हे म्हणाले, “सगया गावनं नाव लेस, मनं आयं का दात बसतस तुना.” सगळ्या गावाचं नाव घेतेस, माझं आलं की तुझी दातखीळ बसते. पुढे कित्येक वर्षं हे मला यावरून चिडवत होते.

तीन वर्षांपूर्वी हे गेले. त्यानंतर घरातलं पहिलं लग्न नातीचं. मी मनाशी पक्कं ठरवलं होतं की गेलेल्या माणसांत यांचं नाव मी घेणार, जावेला घेऊ देणार नाही. लोक काय म्हणायचं ते म्हणोत.

पण त्याच्या काही वर्षं आधीच मी आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला होता. हे होते तेव्हाच, मुलाच्या ओळखीतल्या एकानं मला उधन्याच्या एका गल्लीत रेकॉर्डिंगला नेलं. काचेच्या खोलीत कानाला डबे लावून उभं केलं. मी सवयीनं देवांपासून सुरुवात केली आणि आईच्या माहेरची नावं घ्यायला लागले. तो पलीकडून हात हलवायला लागला.

“मासी, नाम निकाल दो. नाम रहेगा तो एक ही शादी में चलेगा.”

मी म्हटलं, एकाच लग्नात चालायला पाहिजे. ते गाणं एकाच लग्नाचं असतं. त्याला ते विनोदासारखं वाटलं. मग त्यानंच तोड काढली. नावाच्या जागी नातं घाला. नवरीचा बाप, नवरीचा मामा, नवरीचा आजला, म्हणजे आजोबा. गेलेला कोण आणि जिवंत कोण, सगळे एका रांगेत. आणि प्रत्येक ओळ दोनदा, कारण त्याशिवाय नाचायला मजा येत नाही म्हणे. मी म्हटलं बापड्याला गाता येत नाही, त्याचं ऐकून घ्यावं. खाली येऊन सोडा प्यायले आणि घरी आले.

ते गाणं चाललं. असं चाललं की सुरतेच्या इच्छापोरपासून पार धुळ्यापर्यंत हळद म्हटलं की तेच. रिक्षातून जाताना मांडव दिसला की आतून माझाच आवाज यायचा. पहिल्यांदा मी उतरून बघायला गेले होते. तिथल्या बाईनं मला विचारलं, “मावशी, कोणाकडच्या तुम्ही?” मी परत येऊन रिक्षात बसले. त्या वर्षापासून मला निरोप येणं कमी झालं आणि मग थांबलंच. लोकांचं तरी काय चुकलं? गाणं त्यांच्याकडे होतंच. नावं विचारायला येणारी म्हातारी कशाला हवी?

नातीच्या लग्नाआधी महिनाभर मी नावं जुळवत बसले. नात कॉलेजातून आली की शेजारी येऊन बसायची. घरात ती अर्धं गुजराती, अर्धं हिंदी बोलते, पण नावांचा क्रम तिनं पाठ केला. गेलेल्याचं एकदाच का, हेही तिनं विचारून घेतलं. एकदा म्हणाली, “आजी, आजोबांचं कोण घेणार?” मी म्हटलं, “देखसूत.” बघू.

हळद दुपारी, हॉलमध्ये होती. मांडव स्टीलच्या पाइपांचा, कापडी फुलांचा. मी नवी साडी नेसून नातीच्या समोर जाऊन बसले, घसा खाकरला, आणि माझ्या डोक्यावरच्या स्पीकरमधून मीच सुरू झाले. मी उठून मुलाकडे गेले. तो हजीऱ्याला कामाला आहे, मोजून चार दिवसांची सुट्टी मिळालेली, त्यामुळे आधीच घायकुतीला आलेला.

“ते बंद कर. मी म्हनस.”

“माय, तुनंच गाणं शे ना ते? तूच म्हनी ऱ्हायनी असं समज. बठ आरामशीर.”

“त्यामा तुना बापनं नाव नही.”

“नाव पत्रिकामा छापेल शे. फोटोबी शे. आते कोन नाव आयकस, माय?”

आता नावं कोण ऐकतं! बोलला तो रागानं नाही, समजुतीच्या सुरात, खांद्यावर हात ठेवून, आणि तेच मला जास्त लागलं. पुढचं मला त्याला सांगता आलं नाही. तुझ्या बापाचं नाव मला आज घ्यायचंय, हे मुलाला कोणत्या तोंडानं सांगणार? मी परत येऊन बसले. बायका मोबाइल धरून उभ्या होत्या. ज्याला वाटेल तो येऊन हळद फासत होता. थोरली, धाकटी, कशाचा कशाला मेळ नव्हता. आणि वरून मी, सहा वर्षांनी तरुण, जोरदार गळ्याची, एकामागून एक नाती मोजत होते. त्या बाईचा मला इतका राग आला की स्पीकरची वायर कुठे आहे ते मी शोधलंसुद्धा. ती स्टेजच्या मागे गेली होती.

मग आजल्याची ओळ आली. ‘मांडवमा नवरीना आजला उना.’

मी तोंड उघडलं आणि त्या जागी यांचं नाव घेतलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट, होता तेवढा जोर लावून. माझं मलाच ऐकू आलं नाही. शेजारी बसलेल्या जावेलाही नाही. ती मोबाइलमध्ये बघून हसत होती. ज्या एका नावासाठी मी महिनाभर जीव गोळा केला होता, ते गेलं कुठे तेही कळलं नाही. मला रडू यायला लागलं, रागाचंच.

समोर नात माझ्या तोंडाकडे बघत होती. गालभर हळद, डोळे मोठे. तिनं वाटीत बोट बुडवलं, पाठीमागे वळली आणि मांडवाच्या स्टीलच्या पाइपला हळदीचं बोट लावलं.

फोटोवाला धावत पुढे आला. “दीदी, मस्त था. एक बार और करो, इधर देखके.”

वरून माझा आवाज तीच ओळ दुसऱ्यांदा म्हणत होता. नातीनं वाटी खाली ठेवली आणि बोट रुमालाला पुसलं.

“नहीं भैया,” ती म्हणाली, “ये एक ही बार होता है.”