गुरुवारची हजेरी

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी कुठं अर्धवट इमारतीच्या खांबांतून गंजलेल्या सळया वर आलेल्या दिसल्या की मला ते प्रकरण आठवतं आणि डोकं तापतं. खून नव्हता, दरोडा नव्हता. एक इमारत विकल्यापासून पुरी व्हायला किती दिवस लागले आणि का लागले, एवढंच ठरवायचं होतं. तेवढ्यासाठी मी जी पायपीट केली, ती दोन खुनांच्या तपासात मिळून केली नसेल.

सिमेंट परमिटवर मिळायचं, तो काळ. उत्तर नागपुरातल्या एका ठाण्यात मी नुकताच बढतीवर फौजदार झालो होतो. माझं गाव सावंतवाडीकडं. सातवीनंतर शाळा सुटली, चार-पाच वर्षं गवंड्यांच्या हाताखाली घमेली उचलली आणि एका मावसभावाच्या आधारानं नागपूरला येऊन पोलिसात लागलो. या शहरानं मला पोटाला दिलं, खांद्यावर तारे दिले. पण टेबलावर इंग्रजी कागद आला की तो मी दुसऱ्या फायलींखाली सरकवायचो. कोणी म्हणेल, सातवी शिकलेला माणूस, याला फौजदार कोणी केला?

एक दिवस रेल्वेतले एक गार्ड तक्रार अर्ज घेऊन आले. अठरा महिन्यांत फ्लॅट देतो म्हणून एका शेठनं त्यांच्याशी करार केला होता. चार वर्षं होत आली होती. सहा महिन्यांत ते निवृत्त होणार होते आणि रेल्वेचं क्वार्टर सोडायचं होतं. पत्नीला अर्धांगवायू झालेला. धंतोलीतल्या दवाखान्यात रोज तिच्या हातापायाचा व्यायाम करून घेत. फ्लॅट न मिळता गावी जावं लागलं की उपचार सुटणार होते.

"साहेब," ते म्हणाले, "माही मालगाडी सुटली का मी टाइम लिवतो. पोचली का लिवतो. मधात कुठं उभी राहिली, काहून उभी राहिली, तेही लिवतो. अन् याईले एका बिल्डिंगचं सांगता येत नाई?"

खरंच कोणाला सांगता येत नव्हतं. शेठ म्हणे, मुदत नकाशा मंजूर झाल्यापासून मोजा. त्याचा आर्किटेक्ट म्हणे, पाया खणल्यापासून. महापालिकेतल्या बाबूनं फाईल उघडली, चष्मा पुसला आणि सांगितलं, "आमच्या हिशेबानं काम अजून सुरूच झालं नाही जी. सुरू केल्याची चिठ्ठीच कुठं आहे?" तिघांनी तीन दिवस मला या टेबलावरून त्या टेबलावर फिरवलं. आमचे वरिष्ठ वैतागून म्हणाले, "ही दिवाणी बाब आहे. उशीर हा गुन्हा नसतो. कोर्टात जा म्हणावं."

शेठ मात्र निवांत होता. "साहेब, इमारत म्हणजे काय भाकर आहे? थापली अन् भाजली?" असं म्हणून त्यानं करार आणि कामाचा हजेरीपट माझ्यापुढं ठेवला. करारात अट होती की सिमेंट न मिळाल्याचे दिवस मुदतीत धरायचे नाहीत. ते दिवस सोडले तर काम एक दिवसही थांबलं नाही, असं त्याचं म्हणणं.

दोन्ही कागद इंग्रजीत. मी ते घेतले आणि माझ्या पेटीत ठेवले.

पुढचे पाच आठवडे मी बंदोबस्त केला, समन्स बजावले, गस्ती घातल्या. पेटी उघडली नाही. गार्ड दर आठवड्याला येत, बाकावर बसत. "चौकशी चालू आहे," मी सांगे. ते "बरं जी" म्हणून उठत.

शेवटी जागेवर तरी जाऊन येऊ म्हणून गेलो. दुसऱ्या मजल्याच्या खांबांतून एरंड उगवला होता. समोर एका बाईंची चहाची टपरी होती. मी विचारलं, "बाई, इथं काम रोज चालतं ना?"

ती हसायलाच लागली. "कायचं काम जी? डुकरं हिंडून राहिले तिथं. मिस्त्री गेले, रेजा बाया गेल्या, दोन पावसाळे झाले. माह्या चहाचं मरण झालं. तुमी पयलेच पोलीस आले पाहाले."

"सिमेंट नव्हतं म्हणतात."

"नव्हतं कसं? पोत्याचे ट्रक इथंच उतरले. मंग दुसरे ट्रक आले अन् घेऊन गेले. आता मले नका विचारू कुठं."

ठाण्यात येऊन मी पेटी उघडली आणि ठाण्याचं लिखाण बघणाऱ्या आमच्या रायटर हवालदारासमोर हजेरीपट ठेवला. म्हटलं, "मला हे वाचता येत नाही. वाचून दाखवा." तो माझ्यापेक्षा वयानं मोठा. त्यानं तोंडातला तंबाखूचा खर्रा थुंकला आणि वाचायला बसला, एक शब्द वाकडा बोलला नाही. त्याचे उपकार मी विसरलो नाही.

तो वाचत होता, मी ऐकत होतो. रविवार सुट्टी. सोमवार ते शनिवार काम. पान उलटलं, पुन्हा तेच.

"थांबा," मी म्हणालो. "गुरुवारी काम?"

"हाव. सगळ्या गुरुवारी."

त्या भागातला बाजार गुरुवारी भरायचा. बांधकामावरच्या माणसाला रविवार ठाऊक नसतो. बाजाराच्या आदल्या संध्याकाळी मजुरी हातात पडते आणि बाजाराच्या दिवशी काम बंद. मी घमेली उचलली तिथंही हेच होतं. बाजाराच्या दिवशी मिस्त्री देवानं बोलावलं तरी यायचा नाही. हा हजेरीपट कामावर बसून लिहिलेला नव्हता, कोणीतरी कार्यालयात बसून, भिंतीवरचं कॅलेंडर बघून एकहाती भरला होता.

शेठची हजेरी-हिशेब ठेवणाऱ्या मुन्शीला बोलावलं. हात उगारायची गरज पडली नाही. चहा दिला आणि विचारलं, "मुन्शीजी, तुमच्या साइटवर बाजार कोणत्या वारी?"

"गुरुवारी, साहेब."

"मग गुरुवारी चाळीस माणसं काम करतात ती कोण?"

त्यानं हजेरीपटाकडं पाहिलं. मग कपाळावर हात मारला. "शेठनं आठ दिवसांत भरून मागितलं जी. मले सुचलंच नाई. काहून सुचलं नाई मले?"

मग सगळं बाहेर आलं. इमारत विकली गेली की शेठचा तिच्यातला रस संपे. तिच्या नावावर आलेलं सिमेंट पुढच्या, अजून विकायच्या इमारतीवर जाई. गिऱ्हाइकाला दाखवायला तिथं काम चालू दिसलं पाहिजे ना! मी पंचनामा केला, जबाब घेतले, फसवणुकीचा गुन्हा नोंदवला. शेठला अटक झाली. इमारत पुरी करण्याची लेखी हमी घेऊन कोर्टानं त्याला जामीन दिला. आणि गंमत पाहा, चार वर्षं न झालेली ती इमारत काही महिन्यांत उभी राहिली.

पण तोवर क्वार्टर सुटलं होतं. गार्ड पत्नीला घेऊन नरखेडकडच्या गावी मेहुण्याकडं चार महिने राहिले. रोज एसटीनं धंतोलीला आणणं तिला झेपणारं नव्हतं. व्यायाम बंद पडला.

खटला उभा राहिला तेव्हा माझी बदली झालेली. साक्षीला आलो. शेठच्या वकिलांनी शांतपणे विचारलं, "हे कागद तुमच्या ताब्यात आल्यावर पाच आठवडे कुठं होते?"

"माझ्या पेटीत."

"का?"

"इंग्रजीत होते. मला वाचता येत नव्हते आणि तसं सांगायची लाज वाटली."

कोर्टात हशा पिकला. शेठही हसला. शिक्षा त्याला झाली, पण ते हसू माझ्या कानातून गेलं नाही. उशीर करणाऱ्या प्रत्येकावर मी चिडलो होतो. शेठवर, आर्किटेक्टवर, चष्मा पुसणाऱ्या बाबूवर. त्या यादीत माझं नाव मी कधी घातलंच नव्हतं. पाच आठवडे आधी पेटी उघडली असती तर किल्ली पाच आठवडे आधी मिळाली असती. त्यानं गार्डांच्या पत्नीला किती फरक पडला असता, हे डॉक्टरही सांगू शकणार नाहीत. तेव्हापासून न समजलेला कागद मी त्याच दिवशी कोणाला तरी वाचायला देऊ लागलो, मग समोर शिपाई असो की साहेब.

कोर्टाबाहेर मी गार्डांची माफी मागितली. ते म्हणाले, "सोडा ना साहेब. चाला घरी, चहा घेऊ."

त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर त्यांचं घर होतं. त्यांची पत्नी स्वतः चालत बाहेर आली, पाय सुधारला होता. उजवा हात मात्र पदराखाली तसाच लोंबत होता. कप तिनं डाव्या हातानं पुढं केला. मी उठून उभा राहिलो आणि तो दोन्ही हातांनी घेतला.